जुनी बुलेट घाटात का दमते? हरवलेली ताकद शोधायची रीत

काकांची बुलेट 1979 ची. दिवे घाट ती वर्षानुवर्षं तिसऱ्या गिअरवर चढायची. डुगडुगत चढायची, पण दम न घेता. गेल्या वर्षी त्याच घाटात ती दुसऱ्यावर रडायला लागली. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न द्यायला लागला, तेव्हा काकांनी विषय मनावर घेतला.

मग सल्ले सुरू झाले. पेट्रोलपंपावरचा म्हणाला, नवीन इथेनॉलवालं पेट्रोल आहे, जुन्या गाड्या आता अशाच चालणार. शेजारी म्हणाले, कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) ट्यून करून घ्या. पुतण्याने, म्हणजे मीच, सायलेन्सर बदलायचं सुचवलं. एका गॅरेजमध्ये ‘रिंग-पिस्टन गेलेत’ असा निकाल लागला. हेड खोललं, सिलेंडरला बोअर मारला, नवा पिस्टन बसवला, आणि गाडी पुन्हा दिवे घाटात दुसऱ्या गिअरवरच रडली.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी इंजिनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उजव्या बाजूचं पॉइंटचं, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचं, गोल झाकण काढलं, आतल्या कॅमवर (उंचवटा असलेल्या फिरत्या तुकड्यावर) बोट ठेवलं आणि मला म्हणाले, “फिरवून बघा.” मी फिरवला. हललाच नाही. “हा बोटानं थोडा फिरला पाहिजे, सोडला की टुणकन मागं आला पाहिजे. ग्रीस वाळून दगड झालंय. दादा, इंजिन खोललं कशाला? हे पाहिलं का आधी कुणी?”

पाहिलं नव्हतं. हा लेख त्या ‘आधी’बद्दलच आहे. जुन्या मोटरसायकलची ताकद कमी होते तेव्हा कारण शोधायचा एक क्रम असतो: फुकटच्या तपासण्या पहिल्या, स्वस्त मग, महाग सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतो.

## खरंच कमी झालीय का?

बुलेट भारतात 1955 पासून मद्रासला जोडायला आणि मग बनायला लागली. तिच्या 350 मॉडेलचं इंजिन 346 सीसीचं, ताकद कागदावर 18 हॉर्सपॉवर. गाडीचं वजन 160 किलोंच्या पुढे, वर दोन माणसं आणि सासवडहून घेतलेली अंजिरांची पेटी. आजची नवी 350 सुद्धा हॉर्सपॉवरमध्ये जुनीच्या फार पुढे नाही, वीसच्या आसपासच आहे. पण ती गुळगुळीत धावते. आठवडाभर नवी गाडी चालवून जुनीवर बसलं की जुनी मेल्यासारखी वाटते. हा गाडीचा दोष नाही.

उंचीचाही एक हिशोब आहे. समुद्रसपाटीपासून दर 100 मीटरला इंजिनाची ताकद ढोबळमानाने एक टक्का घटते, कारण हवा विरळ होत जाते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. मुंबईहून निघालेली गाडी तिथं पोचेपर्यंत सुमारे तेरा टक्के ताकद निसर्गानेच काढून घेतलेली असते.

म्हणून आधी मोजा. एखादा सपाट, मोकळा रस्ता ठरवा. टॉप गिअरमध्ये 40 च्या वेगावरून पूर्ण थ्रॉटल देऊन 60 पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला मोबाईलवर मोजायला सांगा. तीनदा करा, लिहून ठेवा. पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर हेच पुन्हा मोजायचं. नाहीतर ‘जरा फरक वाटतोय’ या वाक्यावर आयुष्यभर पैसे जातात.

## चूल आणि कुकर

इंजिन म्हणजे एक चूल आहे, फक्त ती बंद डब्यात पेटते. चुलीला लाकूड लागतं, हवा लागते, काडी लागते. इंजिनात लाकडाच्या जागी पेट्रोल आणि काडीच्या जागी प्लगची ठिणगी. पण चुलीपेक्षा एक गोष्ट जास्त लागते: दाब. पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, या दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. कुकरची रिंग ढिली असेल तर गॅस कितीही मोठा करा, शिट्टी होत नाही. वाफ कडेने निघून जाते. इंजिनाचंही तसंच.

म्हणजे ताकद कमी होण्याच्या जागा मोजक्याच आहेत. हवा-पेट्रोल कमी येतंय किंवा चुकीच्या प्रमाणात येतंय, ठिणगी कमजोर आहे किंवा वेळ चुकवतेय, दाब धरत नाही, जळालेला धूर नीट बाहेर पडत नाही. आणि पाचवी जागा, जी सगळे विसरतात: इंजिन ताकद देतंय, पण ती चाकापर्यंत पोचण्याआधी कुठंतरी सांडतेय. शोध तिथूनच सुरू करायचा, कारण त्याला पान्हासुद्धा लागत नाही.

## आधी चाक फिरवून बघा

गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. दोन-चार फेरे आपोआप गेले पाहिजेत. चाक लगेच अडत असेल तर ब्रेक धरतोय. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये आतला कॅम गंजतो आणि पेडल सोडल्यावरही लायनर घासत राहतात. पाच किलोमीटर ब्रेक न मारता चालवून या आणि हबला हात लावा. गरम लागला तर तुमच्या 18 हॉर्सपॉवरमधल्या एकदोन तिथं भाजल्या जातायत. पुढच्या चाकालाही हेच करा.

टायरमधली हवा आणि चेन हे दोन मिनिटांचं काम आहे. चेन एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ असेल तर ती संपली.

क्लच मात्र फसवतो. टॉप गिअरमध्ये 40 वर असताना एकदम थ्रॉटल द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच सरकतोय. क्लचची केबल फार ताणलेली आहे का हे आधी बघा. लिव्हरला थोडं मोकळं खेळणं हवंच. ते नसेल तर क्लचच्या प्लेटा सतत अर्धवट सुटलेल्या राहतात. प्रायमरी केसमध्ये, म्हणजे क्लचच्या डब्यात, कुणी कारचं घसरणारं ऑइल ओतलं असेल तरी हेच होतं.

एक प्रश्न आधीच्या मालकाला विचारा: पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदललंय का? हायवेवर इंजिन शांत चालावं म्हणून बरेच जण जास्त दातांचं बसवतात. सपाटीवर छान वाटतं, घाटात गाडी मान टाकते.

## ठिणगी: सगळ्यात जास्त दुखणी इथं

माझं स्पष्ट मत आहे की ज्या जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर लोक महिने घालवतात, त्यातल्या निम्म्यांचा कार्बोरेटर निर्दोष असतो. कारण पॉइंटात असतं.

पॉइंट म्हणजे एक छोटा स्विच. कॅमच्या उंचवट्यावर त्याची टाच चढली की तो उघडतो, आणि तो उघडतो त्याच क्षणी कॉइल प्लगला ठिणगी देते. म्हणजे पॉइंट कधी उघडतो यावर ठिणगीची वेळ ठरते. या वेळेला टायमिंग म्हणायचं.

पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. आता गंमत बघा: पॉइंटची टाच फायबरची असते, ती कॅमवर घासून हळूहळू झिजते. टाच झिजली की फट लहान होते. फट लहान झाली की पॉइंट उशिरा उघडतो. म्हणजे काहीही न बिघडता, कुणी हात न लावता, टायमिंग रोज थोडं थोडं मागे पडत जातं. चालवणाऱ्याला कळत नाही, कारण फरक सवयीत मुरतो. काकांच्या गाडीत गेज घातला तर 0.20 ची पातही अडकत होती.

उशिरा ठिणगी म्हणजे काय होतं? पिस्टन खाली निघून गेल्यावर धक्का बसतो. पोराच्या झोपाळ्याला तो परत निघाल्यावर धक्का दिला तर जोर लागतो. तो लांब गेल्यावर हात मारला तर फक्त हात दुखतो. न वापरलेली आग सायलेन्सरच्या नळीत जाते, म्हणून नळी निळी पडते आणि इंजिन विनाकारण तापतं. निळी नळी आणि गेलेला पिकअप एकत्र दिसले की कार्बोरेटरला हात लावू नका, आधी टायमिंग बघा.

दुसरा भाग त्या अडकलेल्या कॅमचा. इंजिन हळू चालतं तेव्हा ठिणगी पिस्टन वर पोचायच्या अगदी थोडं आधी पडलेली चालते. वेग वाढला की मात्र ती आणखी आधी पडावी लागते, कारण मिश्रण जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही आणि पिस्टनची घाई वाढलेली असते. पाहुणे चालत येत असतील तर ते दारात आल्यावर चहा टाकला तरी चालतो. गाडीनं येत असतील तर ते चौकात असतानाच टाकावा लागतो. हे ‘आधी टाकण्याचं’ काम कॅमखालची दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. याला ॲडव्हान्स म्हणतात. वजनं अडकली तर गाडी किकला सुरू होते, आयडलला मस्त डुगडुगते, गल्लीत चांगली चालते, आणि रस्त्यावर 50 च्या पुढे जीव सोडते. काकांची नेमकी तशीच करायची. चाचांनी रॉकेलने ग्रीस धुतलं, पिनांवर ऑइलचा एकेक थेंब सोडला. कॅम टुणकन मागे आला.

टायमिंग तपासायची जुनी पद्धत अजूनही चालते. 350 बुलेटला वजनं मिटलेली असताना पॉइंट पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या साधारण 0.8 मिलिमीटर आधी उघडायला हवेत. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद ठेवायचा, इंजिन हलकेच फिरवायचं. ज्या क्षणी कागद सुटतो, तो पॉइंट उघडल्याचा क्षण. बुलेटच्या हेडलाइटवरचा अँपमीटरही हेच सांगतो. इग्निशन चालू ठेवून किक हळूहळू दाबली तर पॉइंट जुळलेले असताना काटा उणेकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो.

उरलेलं पटकन. पॉइंटचे तोंड जळून निळसर-काळं होत असेल तर कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) बदला. थंड असताना चांगली आणि अर्ध्या तासाने मरणारी गाडी कॉइल किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवते. गरम असतानाच तपासा, घरी आणून थंड झाल्यावर सगळं निर्दोष दिसतं. प्लग पक्क्या बिलाच्या दुकानातून घ्या, नकली प्लगांचा बाजार मोठा आहे.

## पेट्रोल पोचतंय का?

गाडी दहा मिनिटं उत्तम चालते, मग दमते, थांबून दोन मिनिटं उभी केली की पुन्हा चालते. ही तक्रार ऐकली की टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली जातंय, पण त्या जागी हवा आत येत नाही, म्हणून टाकीच पेट्रोल ओढून धरते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, तसंच. टाचणी पुरते.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा, कॉक उघडा. आसपास विडी-सिगारेट नको. धार सलग पडली पाहिजे. थेंबथेंब येत असेल तर कॉकवरची जाळी गंजाने भरलीय. चाळीस वर्षांच्या टाकीत गंज असणारच, आणि ‘रिझर्व्ह’वर लावलं की तो आणखी येतो, कारण रिझर्व्हची नळी तळाला असते.

## कार्बोरेटर: स्क्रूला हात लावण्याआधी

कार्बोरेटरमध्ये खाली एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवायला फ्लोट असतो. फ्लशच्या टाकीतला गोळा करतो तेच काम. वरून हवा जोरात जाते आणि बारीक छिद्रांतून पेट्रोल ओढून घेते. ही छिद्रं म्हणजे जेट.

बहुतेक लोक बाहेरचा दिसणारा स्क्रू फिरवत बसतात. तो स्क्रू फक्त आयडल आणि अगदी थोड्या थ्रॉटलपुरता असतो. घाटात तुम्ही थ्रॉटल पाऊणच्या पुढे उघडलेलं असतं, तिथं त्या स्क्रूचा संबंधच नाही. म्हणून थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा, हँडलवर एक खूण करा, आणि मूठ पाव, अर्धी, पाऊण फिरल्याच्या रेघा मारा. मग चालवून बघा गाडी नेमकी कुठं दमते. एक अष्टमांशापर्यंत दोष असेल तर पायलट जेट. पाव ते पाऊणमध्ये असेल तर मधली सुई आणि तिची खोबणी. पाऊणच्या पुढे असेल तर मेन जेट. पाच रुपयांच्या चिकटपट्टीने निम्मा गोंधळ मिटतो.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण ‘लीन’ म्हणतात, उलट झालं की ‘रिच’. प्लग काढून बघितलं तर लीनला पांढरट, रिचला काजळी, आणि बरोबर असेल तर दुधाच्या चहापासून चॉकलेटपर्यंतचा तपकिरी. पण घरी हळू येऊन प्लग काढला तर तो आयडलचा रंग दाखवतो. चढावर पूर्ण थ्रॉटलवर असताना क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि तिथंच प्लग बघा. मागे गाडी नाही ना, हे आधी पाहा.

आणि एअर फिल्टरचा डबा उघडाच. मी एकात उंदराचं घरटं पाहिलंय, आत कापसासकट लग्नपत्रिकेचे तुकडे होते. मालकाने तोवर दोन कार्बोरेटर बदलले होते.

## सगळं खापर इथेनॉलवर?

पंपावरचा माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता, म्हणून हे नीट बघू.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं गेलं आणि गाठलंही गेलं. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतं, म्हणजे काकांच्या मागचा तो ट्रॅक्टर एका अर्थाने त्यांच्याच टाकीसाठी चालला होता.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ताट तेवढंच, भाकरी जराशी लहान. त्यामुळे मायलेज पडणारच.

पण मायलेज कमी होणं आणि ताकद कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाची ताकद ते किती हवा आत घेतं यावर अवलंबून असते. तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त प्रमाणात जाळता येतं: एक किलो पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला 9. म्हणजे जेट मोठा करून इंधन थोडं जास्त दिलं तर ताकद जवळपास परत येते. पैसे जास्त जातात, एवढंच. नव्या गाड्यांतला सेन्सर हे समजून आपोआप इंधन वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला सेन्सर कुठला? त्याचं छिद्र तेवढंच राहतं आणि मिश्रण लीन होतं. मग इंजिन तापतं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते, मध्येच पोकळ वाटतं. उपाय साधा आहे: सुईची क्लिप एक खोबण खाली सरकवा, म्हणजे सुई वर येईल, आणि मेन जेट एक नंबर मोठा लावा.

पण इथेनॉलमुळे होणारा फरक काही टक्क्यांचा असतो. तिसऱ्या गिअरवरचा घाट त्यामुळे दुसऱ्यावर येत नाही. तेवढी घट झाली असेल तर कारण दुसरंच आहे.

इथेनॉलचा खरा त्रास उभ्या गाडीला होतो. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि जुन्या रबरी नळ्या, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगवतात किंवा चिघळवतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

मग महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकावं का? नको. ऑक्टेन म्हणजे जास्त दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता. जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन मुळातच इतकं कमी की साध्या पेट्रोललाही तिथं अवेळी पेटायची घाई नसते.

## सायलेन्सर बदलला की पिकअप वाढतो ना?

आवाज वाढतो. लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, पंजाब, काहीही लावा. जेट न बदलता मोकळा सायलेन्सर लावला तर मिश्रण लीन होऊन मधल्या वेगातली ओढ बहुतेक वेळा कमीच होते. माझा सल्ला काकांनी ऐकला नाही, ते बरं झालं. शिवाय पोलिसांची पावती वेगळी.

## जावा-येझदीवाल्यांसाठी दोन शब्द

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट जुळवायची, कटकट नाही. पण पेट्रोलबरोबर ऑइल जळतं आणि त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या जाळीत आणि सिलेंडरच्या बाहेर जायच्या तोंडाशी साचते. वर्षानुवर्षं साफ न केलेला येझदीचा सायलेन्सर म्हणजे तोंडाला मफलर गुंडाळून धावणं. जाळी काढून खरवडा. अनेकदा एवढ्यानेच गाडी पंधरा वर्षांनी लहान होते.

तेही साफ असेल तर क्रँकचे ऑइल सील बघा. टू-स्ट्रोकचं खालचं पोटही दाब धरतं, ते सील गळले की संपलं. क्लचकडचा सील गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर येतो आणि ऑइल कमी होत जातं. मॅग्नेटोकडचा गेला तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण लीन होतं आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. हा दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो धूरबिर काही दाखवत नाही.

## पण हे सगळं मिस्त्रीला कळतं, मला कशाला?

कारण मिस्त्री तुम्ही सांगाल ते दुरुस्त करतो. ‘टॅपेटचा आवाज घालवा’ म्हणालात तर तो घालवेल. बुलेटला थंड इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरले पाहिजेत आणि वरखाली हलता कामा नयेत. यापेक्षा घट्ट केले तर आवाज जातो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कुकरचं झाकण अर्धवट लागल्यासारखं. गिऱ्हाईक खूश, गाडी मंद, आणि काही महिन्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. ‘ओढत नाही, टॉप गिअरला 50 च्या पुढे’ असं सांगितलंत तर तोच मिस्त्री वेगळ्या जागी हात घालेल.

## सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन

इथवर सगळं निर्दोष निघालं तरच इंजिनाच्या पोटाकडे वळायचं. तेही लगेच खोलून नव्हे.

इग्निशन बंद ठेवा, डिकंप्रेसरला (दाब सोडून देणाऱ्या लिव्हरला) हात लावू नका, किकवर उभे राहा. चांगलं इंजिन तुमचं वजन क्षणभर तोलून धरतं आणि मग हळूहळू खाली सोडतं. पाय भसकन खाली गेला तर दाब गळतोय. कुठून? कान लावा. कार्बोरेटरच्या तोंडातून फुस्स आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इंजिनच्या ब्रीदर नळीतून किंवा ऑइलच्या तोंडातून आलं तर रिंगा. नीट ऐकू येत नसेल तर जुन्या प्लगचा पोकळ सांगाडा करून त्याला नळी जोडतात आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या टोकाला हवा, गाडी टॉप गिअरमध्ये आणि मागचा ब्रेक दाबलेला हवा. नाहीतर इंजिन फिरेल आणि किक तुमच्या नडगीवर बसेल.

अजून शंका असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा किकवर उभे राहा. दाब एकदम सुधारला तर ऑइलने रिंगांच्या फटी बुजवल्या, म्हणजे दोष रिंग-सिलेंडरचा. काहीच फरक पडला नाही तर दोष वरचा, व्हॉल्व्हचा. मग हेड काढून व्हॉल्व्ह घासून घेतले की काम भागतं, सिलेंडरला हात लावायची गरज नाही.

आमच्याकडे ही चमचाभर ऑइलची चाचणी कुणी केलीच नाही. मी आणि काका नंतर त्या गॅरेजमधून आणलेला जुना पिस्टन बघत बसलो होतो. रिंगा कॅलिपरने मोजल्या, सिलेंडरचे जुने आकडे बिलावर होते. झीज होती, पण मर्यादेत. बोअर मारणं म्हणजे सिलेंडरच्या आतलं लोखंड खरवडून भोक मोठं करणं, आणि त्यात पुढच्या साइजचा पिस्टन बसवणं. अशा साइजा मोजक्याच असतात, मग सिलेंडरला नवी स्लीव्ह घालावी लागते.

पॉइंटचा नवा संच, कंडेन्सर आणि चाचांची मजुरी मिळून चारशे ऐंशी रुपये झाले. बुलेट आता दिवे घाट तिसऱ्यावर चढते. 40 ते 60 ला आधी एकोणीस सेकंद लागायचे, आता अकरा लागतात. काकांच्या सिलेंडरला पुढच्या दोनच साइजा शिल्लक आहेत.